ग्रोग्रेनमधला ‘ग्रो’ कुठला?

प्रश्न असा आला आहे: ‘ग्रोग्रेन रिबन’मधल्या ‘ग्रो’चा वाढण्याशी काही संबंध आहे का, आणि या फितीला मराठीत काय म्हणावं?

वाढण्याशी काही संबंध नाही. शब्द फ्रेंच आहे. ‘ग्रो’ म्हणजे जाड, भरड. ‘ग्रेन’ म्हणजे दाणा, इथे कापडाचा पोत. ‘ग्रो’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एस आहे, तो मुका. ‘ग्रॉसग्रेन’ हा उच्चार त्या एसमुळेच होतो. बटणांच्या धंद्यात बारा डझनांना ‘ग्रोस’ म्हणतात, तोही याच कुळातला.

फितीवर लांबीच्या दिशेने नख ओढून बघा, करकरतं. उभे धागे बारीक आणि दाट, आडवा धागा जाड. उभे धागे त्याला पुरतं झाकून टाकतात, पण त्याचा उंचवटा काही लपत नाही. म्हणून रेघा फितीच्या रुंदीत उठतात. साटीनची फीत सुळकन सुटते, ही गाठ धरून ठेवते. त्यामुळे केसांच्या ‘बो’ला आणि हॅटच्या पट्ट्याला हीच बरी.

खरी गंमत पुढे आहे. हाच शब्द इंग्रजीत आधी ‘ग्रोग्रम’ होऊन आला होता. रेशीम, मोहेर (अंगोरा शेळीचे केस), लोकर यांचं ते भरड कापड. कधी डिंक लावून कडक केलेलं. ब्रिटिश आरमारातला अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन या कापडाचा झगा वापरायचा, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. १७४० मध्ये त्याने हुकूम काढला की रम नुसती द्यायची नाही, चौपट पाणी घालून द्यायची. खलाशांनी त्या पाणचट रमला त्याचंच नाव चिकटवलं: ग्रॉग. ती ढोसून झिंगलेला तो ‘ग्रॉगी’. हल्ली रात्री झोप झाली नाही तरी आपण सकाळी ‘ग्रॉगी वाटतंय’ म्हणतो. बिचाऱ्याने थेंबभरही घेतलेली नसते!

मराठीत ‘भरडपोती फीत’ वगैरे घडवू नये असं माझं मत. दुकानात ‘ग्रोग्रेन’च म्हणावं, समजावून सांगायचं तर ‘आडव्या उठावदार रेघांची फीत’. मात्र कमरेच्या किंवा हॅटच्या गोलाईला लावायची असेल तर कड नीट पाहून घ्या. ग्रोग्रेनची कड सरळ असते आणि ती वळत नाही. बारीक कंगोऱ्यांची कड दिसली तर ती तिची बहीण पीटरशॅम. वाफेची इस्त्री फिरवली की ती हवी तशी वळते.