वादळ आलं की पोरगा तळ्यावर!

प्रश्न: ताई, मुलगा अमेरिकेत डुलुथला शिकतो, नोव्हेंबरात लेक सुपीरियरवर सर्फिंग करतो म्हणे. तळ्यात कसल्या लाटा? आणि वादळानंतर दगड वेचत बसतो ते काय?

उत्तर: अहो, नावालाच तळं ते, पलीकडचा काठ दिसत नाही! ईशान्येचा वारा लांबून पाणी ढकलत आला की डुलुथजवळच्या स्टोनी पॉइंट या किनाऱ्याला मस्त लाटा उठतात, पण वारा पडला की त्याही बसतात, म्हणून पोरं बर्फातसुद्धा पळतात. गोड्या पाण्यात बोर्ड कमी तरंगतो, जरा जाड घ्यावा लागतो, आणि हूडवाला ५-६ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (थंड पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) नसेल तर सरळ नाही म्हणा. दगड म्हणजे अगेट, आपला अकीक, लोहामुळे लालसर, ओला करून उन्हासमोर धरला की आतले पट्टे उजळतात. स्टेट पार्कातले मात्र उचलायचे नाहीत हं.