एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश घेतलास, आता एवढं ऐक

फील्डवर्कला दुय्यम समजू नकोस. लेक्चरच्या नोट्स कुणाकडूनही मिळतात, वस्तीतले दिवस मिळत नाहीत. प्रवासाचं सोपं आहे: ऐरोलीहून वाशीला ये, हार्बर मार्गाची लोकल पकड, गोवंडीला उतर. टाटा सामाजिक विज्ञान संस्था (1936 सालची) तिथून जवळच.

दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्तीत पाठवलं, तर पहिल्याच दिवशी सर्वेक्षणाचे कागद काढू नकोस. बायकांचं बोलणं पाणी, रेशनकार्ड आणि पोरांच्या शाळेपासून सुरू होतं, तिथूनच तूही सुरुवात कर. एखाद्या निराधार बाईसोबत तहसील कार्यालयात जा, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला लागणारे दाखले स्वतः गोळा करून बघ. कल्याणकारी राज्यावरचा अख्खा पेपर त्या रांगेत कळतो.

अहवाल त्याच रात्री लिही. ‘समुपदेशन केलं’ हे वाक्य मला तरी काहीच सांगत नाही. तू काय विचारलंस, ती काय म्हणाली, कुठे गप्प झाली, ते लिही. नावं मात्र बदल.

आणि हे नीट लक्षात ठेव. लहान मुलाला ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द कधीच देऊ नकोस. 2012 च्या पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. असं काही कानावर आलं तर लगेच पर्यवेक्षकांना फोन कर, रात्र झाली असली तरी.

चप्पल मजबूत घे. पावसाळ्यात तर नक्कीच.