कीवर्ड कोंबायचे की नीट लिहायचं?

प्रश्न असा आहे : "मी कंटेंट रायटर म्हणून नुकतीच नोकरीला लागले आहे. आमचे मॅनेजर म्हणतात, प्रत्येक लेखात मुख्य कीवर्डची घनता ३ टक्के आलीच पाहिजे, भाषेकडे कोण बघतं! चांगल्या लिखाणाचा ऑनलाइन मार्केटिंगला खरंच उपयोग होतो का, की ती आपली लेखकांची हौस?"

आधी कबुली देतो. तुमचे मॅनेजर आज जे म्हणतात ते मीही म्हणायचो, आणि चांगलं जोरात म्हणायचो. एजन्सीत असताना माझ्याकडे एक एक्सेल शीट यायची. एका रकान्यात कीवर्ड, म्हणजे लोक सर्च इंजिनमध्ये जे टाकून शोधतात ते शब्द, शेजारी आकडे : शीर्षकात १, पहिल्या परिच्छेदात २, एकूण २४. लेख झाला की कंट्रोल-एफ दाबून मोजायचं आणि कमी पडले तर जागा दिसेल तिथे ठोकायचे. श्रवणयंत्रं विकणाऱ्या एका क्लायंटसाठी लिहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे : "सर्वोत्तम श्रवणयंत्र घेताना श्रवणयंत्र किंमत, श्रवणयंत्र प्रकार व श्रवणयंत्र सर्व्हिस या श्रवणयंत्र बाबी तपासा." ज्याला धड ऐकू येत नाही त्याच्याही कानठळ्या बसाव्यात असं हे वाक्य. पण शीट खूश होती.

३ टक्के म्हणजे १,००० शब्दांत ३० वेळा. मराठी वाक्य साधारण दहा-बारा शब्दांचं धरलं, तर दर तिसऱ्या वाक्यात तोच शब्द. असा एक परिच्छेद लिहा आणि मॅनेजरांना मोठ्याने वाचून दाखवा. मी कुठल्याही वादात आधी हेच करतो. अर्धे वाद तिथेच मिटतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी थोडं गणित लागतं. ही घनतेची समजूत हवेतून आलेली नाही, एके काळी तिच्यात तथ्य होतं. सुरुवातीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. पानाच्या कोडमध्ये 'मेटा कीवर्ड' नावाची जागा असायची, तिथे शब्दांची माळ ओवली की काम व्हायचं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणारेही होते : वाचकाला दिसू नयेत, यंत्राला मात्र दिसावेत.

पण शब्द मोजण्याचं शास्त्र तेव्हाही इतकं भोळं नव्हतं. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की जो शब्द कमी दस्तऐवजांत सापडतो त्याचं वजन जास्त धरावं, आणि जो सगळीकडेच आहे त्याचं कमी. पुढे १९९० च्या दशकात लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणता मजकूर शोधाला किती जुळतो याचे गुण देणारं बीएम२५ नावाचं सूत्र घडवलं. आजही असंख्य संकेतस्थळांच्या अंतर्गत शोधामागे तेच असतं. ल्युसीन ही शोधासाठीची मुक्त प्रणाली २०१६ पासून आपोआप तेच वापरते. या सूत्रातली एक गोष्ट तुमच्या ३ टक्क्यांच्या मुळावर येते. शब्द एकदा आला की त्याचे १ गुण धरा. सूत्रातली नेहमीची मूल्यं वापरली आणि लेखाची लांबी सरासरीइतकी मानली, तर तोच शब्द दोनदा आल्यावर गुण २ होत नाहीत, साधारण १.३८ होतात. पाच वेळा आला तर १.७७. दहा वेळा, १.९६. तीस वेळा, २.१२. आणि हजार वेळा लिहिला तरी २.२ च्या वर काटा सरकत नाही. म्हणजे दहावरून तीसवर जाताना तुम्ही वीस वाक्यांची वाट लावता आणि हाती पडतात ०.१६ गुण. शिवाय तेवढे शब्द बसवायला लेख फुगवला, तर लांबीपायी तेच सूत्र गुण कापतं.

आणि हे जुनं, निव्वळ शब्द मोजणारं सूत्र आहे बरं का! त्याला अर्थ कळत नाही, व्याकरण कळत नाही, तरी कोंबाकोंबीला ते भुलत नाही. गूगलचं आजचं सूत्र गुपित आहे, पण ते याहून भोळं असेल असं मानायला काही कारण नाही.

गूगलचा इतिहास सगळा सांगत बसत नाही. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी शब्दांच्या जोडीला 'या पानाकडे कोण कोण बोट दाखवतं', म्हणजे त्याला कोण दुवा देतं, हेही मोजायला घेतलं, तिथूनच नुसत्या शब्दांची सद्दी ओसरायला लागली. मेटा कीवर्ड आम्ही रँकिंगसाठी, म्हणजे निकालांचा क्रम लावताना, बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्ये जाहीर करून टाकलं. (त्यानंतर कित्येक वर्षं मी ते इमानेइतबारे भरत होतो, कारण शीटमध्ये रकाना होता.) २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या सूत्रात पांडा नावाचा बदल आला. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल हलले आणि घाऊक भावात उथळ लेख पाडणारी संकेतस्थळं खाली घसरली. २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा पुढचा बदल आला, त्याच्या घोषणेत कीवर्ड कोंबण्याचा नाव घेऊन उल्लेख होता. आज गूगलच्या स्पॅमविषयीच्या धोरणात तो प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे. तेव्हा मॅनेजर जे 'ऑप्टिमायझेशन' म्हणून मागताहेत, ते नियमपुस्तकात गैरप्रकारांच्या यादीत बसतं.

मोठ्यांनाही सूट मिळालेली नाही. २००६ च्या फेब्रुवारीत गूगलने बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ निकालांतून काढून टाकलं होतं. 'वापरलेली गाडी' अशा अर्थाच्या शब्दांनी खच्चून भरलेली पानं सर्च इंजिनसाठी ठेवली होती आणि माणूस तिथे पोहोचला की त्याला भलत्याच पानावर वळवलं जायचं. काही दिवसांत सफाई झाली आणि संकेतस्थळ परत आलं. एवढ्या मोठ्या नावाचं काम काही दिवसांत होतं. लहान व्यवसायाला तेवढी तत्परता लाभेलच असं नाही.

आता भाषेकडे कोण बघतं, या वाक्याकडे येऊ. यंत्रच बघतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने बर्ट नावाचं भाषा-प्रारूप, म्हणजे वाक्यातल्या शब्दांचे संबंध ओळखायला शिकलेली प्रणाली, शोधात आणली. त्या वेळी त्यांनी दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. शोध होता, ब्राझीलच्या प्रवाशाला अमेरिकेला जायला व्हिसा लागतो का, असा. इंग्रजीत ही दिशा 'टू' या एका चिमुकल्या शब्दाने ठरते. जुनी पद्धत तो शब्द सोडून द्यायची, म्हणून ब्राझीलला निघालेल्या अमेरिकनांची पानं वर यायची. नव्या पद्धतीला 'टू' कळला. आपल्याकडे हे काम 'हून' आणि 'ला' करतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हे प्रारूप सत्तरहून अधिक भाषांत गेलं आणि त्यांत मराठीही होती. आता माझं ते श्रवणयंत्राचं वाक्य पुन्हा बघा. 'श्रवणयंत्राची किंमत' न लिहिता मी 'श्रवणयंत्र किंमत' लिहिलं, कारण शीटला कीवर्ड जसाच्या तसा हवा होता. म्हणजे ज्या विभक्ती ओळखायला यंत्र शिकलं, त्याच मी उपटून फेकत होतो.

यंत्राचं पुराण पुरे. मार्केटिंगमध्ये पैसे देतो तो माणूस. तो पानावर आला म्हणजे तुमची अर्धीच वाट सरली. वेबवर लोक कसे वाचतात याचा अभ्यास संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या चाचण्यांत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं नजरेने चाळत होते, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच होते. मॅनेजर म्हणतील, बघा, कुणी वाचत नाही! पण चाळणाऱ्याची नजर वेगळा शब्द दिसला की थांबते. दर तिसऱ्या ओळीत तेच असेल तर ती थांबणार कुठे? त्याच अभ्यासात त्यांनी एकच मजकूर वेगवेगळ्या प्रकारे लिहून तपासला होता. जाहिरातबाज विशेषणं काढून साध्या, तटस्थ भाषेत लिहिलेला मजकूर वापरायला २७ टक्के बरा ठरला. फक्त 'सर्वोत्तम', 'अद्वितीय' वगैरे गाळून!

माझं मत बदललं ते मात्र अभ्यास वाचून नाही. त्या श्रवणयंत्रवाल्यांकडे मी दोन दिवस फोन घेणाऱ्या ताईंच्या शेजारी बसलो, एका वहीत लोकांचे प्रश्न उतरवत. पहिल्याच तासात कळलं की 'श्रवणयंत्र' हा शब्द कुणी उच्चारत नाही. सगळे म्हणतात 'कानाचं मशीन'. आणि 'सर्वोत्तम कोणतं' असं विचारणारे थोडेच. बाकीचे विचारत होते : बाबांच्या मशीनमधून शिट्टी का वाजते? पाकिटातला सेल वापरला नाही तरी संपला कसा? आईला स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो, मशीन खराब आहे का?

ताईंकडे याची उत्तरं तोंडपाठ होती. शिट्टी वाजते कारण कानातला साचा सैल बसतो किंवा मळ अडकतो, मग आतला आवाज बाहेर गळून पुन्हा माइकमध्ये शिरतो. ते छोटे सेल हवेवर चालतात. मागचा स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल उतरायला लागतो, वापरा की न वापरा. म्हणून स्टिकर आधीच काढून ठेवायचा नाही आणि काढल्यावर एखाद मिनिट थांबून मग सेल बसवायचा. स्वतःचा आवाज घुमणं सुरुवातीला बहुतेकांना होतं, सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि नाहीच कमी झालं तर मशीन पुन्हा जुळवून घ्यायचं.

मी जुनं पान मोडून या प्रश्नोत्तरांवर नवं लिहिलं. 'कानाचं मशीन' शीर्षकात घेतलं, 'श्रवणयंत्र' जिथे आपसूक आलं तिथे येऊ दिलं. मोजले नाहीत. पुढे ताईंनी सांगितलं की येणारे फोन बदललेत. पूर्वी लोक भाव विचारून ठेवून द्यायचे. आता "तुमच्या त्या सेलवाल्या लेखात वाचलं" इथून बोलणं सुरू होतं, आणि तो माणूस बहुधा तपासणीची वेळ घेऊनच फोन ठेवतो. त्या पानाला लोकांनी आपणहून दुवे दिले. चोवीस वेळा एक शब्द लिहिलेल्या पानाला कोण कशाला दुवा देईल?

यातून कीवर्ड टाकाऊ ठरतात असं मात्र समजू नका. उलट 'कानाचं मशीन' हाच माझ्या हाती लागलेला सगळ्यात मोलाचा कीवर्ड होता, आणि तो कुठल्याही साधनाने दिला नव्हता. वाचक ज्या शब्दाने शोधतो तो शब्द शीर्षकात नसेल तर तुमचं सुंदर लिखाण तसंच पडून राहील. ही चूक आपल्या लेखक मंडळींकडून हटकून होते. कीवर्डचा राग म्हणून ती 'निःशब्दाच्या पलीकडे' अशी शीर्षकं देतात आणि पहिले तीन परिच्छेद अलंकारांत घालवतात. मग मॅनेजर चिडतात, आणि तेव्हा मी मॅनेजरांच्या बाजूने असतो. ज्याच्या वडिलांच्या कानात शिट्टी वाजतेय त्याला उपमा नको असते.

हेही खरं की कोंबलेली पानं कधीकधी अजून वर दिसतात, विशेषतः जिथे त्या विषयावर दुसरं धड काहीच नसतं. तुमचे मॅनेजर असं एखादं पान दाखवतील. दाखवू द्या. स्पर्धा नसलेल्या जागी काहीही चालतं, पण तिथे कुणी नीट लिहिलं की ते कोंबलेलं पान सगळ्यात आधी हलतं. यंत्राकडून शेकडो लेख पाडून घेण्याचंही तेच : २०२४ च्या मार्चपासून गूगलच्या धोरणात, फक्त रँकिंगसाठी घाऊक पानं काढणं हा गैरप्रकार आहे, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने.

आता तुमची नोकरी. नवीन आहात, थेट भांडू नका. एक जुनं पान मागून घ्या. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात त्या पानावर लोक कोणकोणते शब्द टाकून आले ते दिसतं, ती यादी काढा. त्यात तुम्हाला पानावर एकदाही न लिहिलेले प्रश्न सापडतील. सेल्स किंवा सपोर्टच्या लोकांजवळ तासभर बसा आणि त्या प्रश्नांची उत्तरं लिहा. दोन-तीन महिने थांबा, आधी काही कळत नाही. मग त्या पानावरून किती चौकशा आल्या तो आकडा मॅनेजरांपुढे ठेवा. रँक दाखवू नका, चौकशा दाखवा.

तोवर ३ टक्क्यांचा आग्रह धरलाच, तर नम्रपणे विचारा, मोजायचं नेमकं काय : श्रवणयंत्र, श्रवणयंत्राची, श्रवणयंत्रांना, की श्रवणयंत्रामुळेसुद्धा? मी एकदा आमच्या साहेबांना हे विचारलं होतं. "शीट पाठवणाऱ्यांना विचारून सांगतो" म्हणाले. अजून विचारताहेत.