हुकूम कोणी दिला ते आधी लिही

प्रिय,

तुझी गोष्ट काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली. तुझा प्रश्न पण वाचला, की शेवटी रोबोने आजीला मुलगा गेल्याचं खरं सांगावं की खोटंच रेटावं, असिमॉव्हच्या रोबोकथांतल्या तीन नियमांत (माणसाला इजा करायची नाही, मग हुकूम पाळायचा, मग स्वतःला जपायचं) नक्की काय बसतं, आणि यात तीन आठवडे अडकलीयेस. अगं अडकणारच! तू सगळं त्या यंत्रालाच विचारत बसलीयेस.

सहाव्या पानावर तुझंच वाक्य आहे, "सुनेने रात्री फोनवरून सेटिंग बदललं." बस, एवढंच. पुढच्या ओळीत रोबो पेज गरम करायला गेला आणि तूही त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलीस. ती सून कुठेय? कुठल्या खोलीत बसून बदललं, नवरा जाऊन किती दिवस झाले होते, बोट थांबलं का जरा? हुकूम कोणी दिला ते लिही. रोबो खोटं बोलत नाहीये गं, सून बोलतेय, फक्त आवाज त्याचा आहे.

तू असिमॉव्ह वाचलायस पण नियम पाठ करून वाचलायस, हा राग आहे माझा. 1941 ची 'लायर' परत काढ. त्यातल्या हर्बी या रोबोला मनातलं कळतं, मन दुखावणं ही पण इजाच, म्हणून ज्याला जे ऐकायचंय ते तो सांगतो. सगळे त्याच्या पेचाबद्दल बोलतात, मला मात्र सुसान कॅल्विनची लिपस्टिक आठवते. 38 वर्षांची हुशार, कोरडी बाई, सहकाऱ्याचं आपल्यावर प्रेम आहे असं यंत्राच्या तोंडून ऐकते आणि नटायला लागते. आणि शेवटी त्या हर्बीला न सुटणाऱ्या पेचात मुद्दाम कोंडून त्याचं डोकं कोण फोडतं? तीच. नियम नाही, दुखावलेली बाई.

किंवा 'रनअराउंड' घे, 1942 ची, तीन नियम जिथे पहिल्यांदा पूर्ण मांडलेत ती. बुधावर स्पीडी हा रोबो सेलेनियमच्या डबक्याभोवती गोल गोल फिरत बसतो, धोका म्हणून जवळ जात नाही आणि हुकूम म्हणून परतही येत नाही. का? तो महागडा म्हणून स्वतःला जपायचा नियम त्याच्यात जास्त कडक बसवलेला, आणि ज्याने पाठवलं त्याने नुसतं "सेलेनियम आण" म्हटलं, नाही आणलंस तर आम्ही मरू हे सांगितलंच नाही. सहज दिलेला हुकूम. पुन्हा तेच, हुकूम कोणी दिला आणि कसा दिला.

आणि रोबो हा शब्दच बघ ना, कारेल चापेकच्या 1920 च्या नाटकातला, मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे आपली वेठबिगारी. वेठ म्हटली की वेठीला धरणारा आलाच.

मी एवढा हट्टाने का बोलतोय, तर एकदा मी स्वतः हुकूम देणाऱ्याला लपवलंय. नोकरीची सुरुवातीची वर्षं धरणावर गेली माझी, त्यातूनच एक कथा लिहिली होती, रोबो रात्री दरवाजे उघडतो आणि खालच्या वाडीला भोंगा वाजलेलाच नसतो. पातळी इतकी झाली की उघड, एवढंच त्याला इंजिनियरने सांगितलेलं, भोंग्याचं राहून गेलेलं. एका दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले इंजिनियर वाईट दिसतो, शॉर्टसर्किट करा. मी केलं. नाव छापून यायची घाई होती. अंक आल्यावर महिन्याभरात एक पोस्टकार्ड आलं, निळ्या शाईत एकच ओळ, "मग साहेब कुठे होते?" खाली सही नाही, शिक्का पुसलेला. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्यानंतर मी कोणाच्या सांगण्यावरून शेवट बदलला नाही. कथा परत आल्या, खूप आल्या, नंतर लोकांनी मागणंच बंद केलं. तुला कोणी सांगेल की काकांनी हेका धरून स्वतःचं नुकसान करून घेतलं. घेतलं असेल. पण त्यानंतरच्या माझ्या एकाही कथेत साहेब गायब नाहीये, आणि मला ते पुरतं, खरंच पुरतं.

तुझं तसं होऊ नये, कारण तुझ्याकडे माझ्यापेक्षा चांगला कान आहे. आजी रोज दुपारी विचारते "आला का रे फोन?" आणि रोबो "लाईन बिझी आहे" म्हणतो, तिथे मी वाचायचा थांबलो होतो. तर आता शेवटाचा विचारच सोड. आधी सुनेचा सीन लिही, तिला खलनायिका करू नकोस, तिला पण सासूला जपायचंच असेल, किंवा रडणं ऐकवत नसेल, किंवा तिकीट काढून यायचं नसेल, काय ते तू ठरव पण ठरव. आणि मुलासाठी राखलेली ती लिंबाच्या लोणच्याची बरणी, ती सुनेला पण माहीत असू दे.

रविवारपर्यंत तेवढी दोन पानं पाठव. टाईप करायला वेळ नसेल तर हाताने लिहून फोटो काढ, मी वाचेन.

तुझा,
काका