जुन्या बाइकचं ब्रेक ऑइल घरी बदलता येतं का?

तुमची २००९ ची पल्सर, सिंहगड उतरताना पुढचा ब्रेक मऊ पडतो, खाली येऊन थोडं थांबलं की परत लागतो. मेकॅनिकने वरून ऑइल टाकलं तरी फरक नाही, म्हणून स्वतः बदलू का, असं विचारलंय.

जरूर बदला. वरून ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. घाटात तापतं ते खाली कॅलिपरमधलं, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं ऑइल, आणि तिथे जुनंच राहिलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर दाबल्यावर ते बुडबुडेच दबतात. शिवाय पॅड झिजले की हँडलवरच्या ऑइलच्या टाकीतली पातळी आपोआप उतरते. अशा वेळी ऑइल भरून ठेवलं, तर नवे पॅड बसवताना ते वर येऊन सांडतं. म्हणून आधी पॅड बघा.

ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घ्या, सीलबंद छोटी बाटली. डॉट ५ मात्र नको, ते सिलिकॉनचं असतं. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका. ऑइल सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा. झाकणाचे स्क्रू जुन्या गाडीत हमखास जाम असतात. नेमका बसणारा स्क्रू-ड्रायव्हर लावा, मागून हलके ठोका, मगच फिरवा. डोकं गुळगुळीत झालं की अर्धा दिवस गेला.

कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) बहुतेक आठचा रिंग पाना लागतो. त्यावर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, ऑइल आलं की घट्ट करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा आत जाते. ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका, मध्येमध्ये भरत राहा. सुरुवातीला कोऱ्या चहासारखं काळपट येईल; स्वच्छ, फिकट पिवळं आणि बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत थांबू नका.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: लिव्हर पार हँडलला टेकवू नका, मागे लाकडाचा तुकडा धरा. इतक्या वर्षांत मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा पंप) सील ज्या भागात कधी गेलेलंच नाही, तिथे गंज असतो, आणि सील फाटतं.

पॅड-डिस्कला ऑइल लागू देऊ नका. होज पाइपला भेगा असतील तर तोही याच वेळी बदला. झाल्यावर आधी गल्लीत हळू चालवून बघा. लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू आत जात राहिली आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं किट गेलंय असं समजा. ते पुण्यात नाना पेठेत मिळेल.