फोन मालकांकडे, पीक माझ्या शेतात

प्रश्न : सातबारा माझ्या नावावर आहे, 1 हेक्टर 20 आर. सोयाबीन-तूर पेरलंय. मालक पुण्याला कामाला, स्मार्टफोन त्यांच्याजवळ, माझ्याकडे बटणाचा. ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवरून आपल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद) कशी करू? शेजारणीच्या फोनवर करून पाहिली, तर ‘तुम्ही गटापासून दूर आहात’ असं येतं.
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, शेजारणीचा फोन चालतो. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होते; खातेदार निवडताना नाव मात्र तुमचंच निवडा.

‘दूर आहात’ हा संदेश बहुतेकदा बांधावरून किंवा झाडाखालून फोटो काढल्यामुळे येतो. फोनचं लोकेशन चालू करा, उघड्या रानात गटाच्या (सातबाऱ्यावरच्या तुमच्या जमिनीच्या) मधोमध जाऊन दोन मिनिटं थांबा, मग फोटो काढा. तरीही तेच आलं तर गट क्रमांक तपासा. तोही बरोबर असेल तर नकाशातच घोळ असू शकतो. तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी) लगेच सांगा, पाहणीच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

सगळ्यात जास्त चुका क्षेत्रात होतात. ॲपला हेक्टर-आर लागतं आणि आपण बोलतो एकरात. तुमचे 3 एकर म्हणजे 1.20, तिथे 3 टाकून चालणार नाही. मिश्र पिकात क्षेत्र ओळींच्या प्रमाणात वाटा. सोयाबीनच्या 4 ओळींमागे तुरीच्या 2 असतील, तर सोयाबीन 0.80 आणि तूर 0.40. नुसतं सोयाबीन लिहिलंत, तर हमीभावाने तूर घालायला गेल्यावर सातबाऱ्यावर तूरच दिसणार नाही. (सामाईक खातं असतं, तर आपल्या वहिवाटीपुरतंच क्षेत्र भरायचं.)

रानात रेंज नसली तरी माहिती फोनमध्ये साठते. पण रेंजमध्ये आल्यावर ती अपलोड झाली का, हे शेजारणीकडून बघून घ्या. त्याआधी ॲप काढून टाकलं, तर केलेलं सगळं वाया. चूक झाली असेल तर 48 तासांत दुरुस्त करता येते.

दुसरी गोष्ट आधारची. नुकसानभरपाई आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि आधारला मालकांचा नंबर असेल, तर प्रत्येक ओटीपी पुण्याला जाणार. तुमचा बटणाचा फोन ओटीपीला पुरेसा आहे. आधार केंद्रावर जाऊन तोच नंबर जोडा. दोन-तीन बँकांत खाती असतील, तर आधार नेमका कुठल्या खात्याला जोडलाय ते बँकेत विचारा. पैसे त्याच खात्यात पडतात, मग पासबुक घरात कुठलंही असो.