अनेक देशांच्या नौदलांचे एकत्र युद्धसराव म्हणजे फोटोपुरता दिखावाच का? त्यात फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, नेमकं करते काय?

दिखावा नाही. बातम्यांत दिसणारा एका रांगेतल्या जहाजांचा फोटो ठरवून एकत्र येऊन काढलेला असतो, त्याला फार वेळ लागत नाही. बाकीचे दिवस कामाचे असतात. मी नौदलात सोनारवर (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्रणेवर) काम केलं आहे, म्हणून पाणबुडीच्या शोधाबद्दलच लिहितो. माझ्या मते सरावातला सगळ्यात मोलाचा भाग तोच.

समुद्राचं वरचं पाणी उन्हाने तापतं, खालचं गार राहतं. या दोन थरांच्या सीमेवर आवाजाच्या लहरी वळतात. पाणबुडी थराखाली शिरली की जहाजाच्या तळाच्या सोनारला ती जवळ असूनही सापडेलच असं नाही. आपल्या उबदार समुद्रांत ही नेहमीची अडचण. त्यामुळे फ्रिगेट एकटी शिकार करत नाही. तिचं हेलिकॉप्टर पुढे जाऊन थराखाली सोनार सोडतं, वरून पी-८ हे पाणबुडीशोधक विमान सोनोबॉय (पाण्यात तरंगत आवाज टिपणारी छोटी उपकरणं) टाकतं, दुसरी फ्रिगेट पळवाट अडवते. एकाला लागलेला माग दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत पाणबुडी दिशा बदलते. ती देवाणघेवाण एकाच नौदलात अवघड, मग वेगळ्या देशाचं जहाज, वेगळी यंत्रणा, वेगळी कार्यपद्धती असेल तर विचारूच नका! हे बंदरातल्या बैठकीत जमत नाही, समुद्रातच घोटावं लागतं. आणि समोर खरी पाणबुडी असते. २०१७ च्या मलबार या बहुराष्ट्रीय नौदल सरावात अमेरिकेची अणुपाणबुडी होती. डिझेल पाणबुड्यांवर तयार झालेल्या कानांना अशी संधी एरवी कुठून मिळणार?

यात कमी पडलं तर काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाणबुडीच्याच शोधात निघालेली आपली फ्रिगेट खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

मलबार १९९२ मध्ये भारत-अमेरिका असा सुरू झाला. २०१५ पासून जपान कायमचा भागीदार आहे, २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाही परतला. माझगाव डॉकमध्ये बांधलेली फ्रिगेट सह्याद्री २०१८ मध्ये हवाईच्या रिमपॅक या बहुराष्ट्रीय सरावालाही जाऊन आली. पुढची बातमी वाचताना जहाजांची संख्या मोजू नका. पाणबुडी आणि पी-८ विमानं आहेत का, एवढं बघा. असतील, तर तिथे कसून काम झालं असणार.